वारा लागला पाहिजे

कदम वस्तादांच्या आखाड्यात नव्या माणसाला सगळ्यात आधी काठी खाली ठेवायला शिकवत. फिरवणं, अडवणं, मारणं हे सगळं पुढचं. भिंतीला टेकवलेल्या काठ्यांतली एक उचलायची, फरशीच्या मध्यावर न्यायची आणि आडवी ठेवायची. आवाज झाला की वस्ताद म्हणत, "परत." ते तेव्हा पाठमोरे बसून दुसऱ्या एखाद्या काठीला तेल लावत असत. आवाज ऐकायला डोळे लागत नाहीत.

मी त्यांच्याकडे गेलो तो काही लढवय्या व्हायला नव्हे. मी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत तर्कशास्त्र शिकवत होतो, चाळिशी उलटली होती आणि कंबर धरली होती. फतेगंजमधल्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. मला पाण्याची भीती. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत वस्ताद समोरच्याच घरात राहत, तेव्हा कोरड्यात काम होईल म्हणून आखाड्याची पायरी चढलो. पुष्कळ दिवस मी फक्त काठी ठेवत होतो. कंबर सुधारली. काठीचा आवाज मात्र येतच राहिला.

"सर," वस्ताद एकदा म्हणाले, "तुमचं सगळं डोक्यात आहे. हातात काही उतरत नाही."

"मग येऊ नको का?"

"या की. कुणीतरी यायला पाहिजे."

तेव्हा नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि येणाऱ्यांची तेव्हापासूनच चणचण होती. गल्लीतली मराठी घरं एकेक करून गावाबाहेर, वासण्याच्या नव्या फ्लॅटांत चालली होती. मुलांना संध्याकाळी ट्यूशन असे, आणि ट्यूशन नसे त्यांना केबल असे. आखाड्याच्या फाटकात संस्थापकांचा संगमरवरी अर्धपुतळा होता. त्याला दर गुरुवारी न चुकता हार पडे. आतल्या मातीत कुणी उतरतं की नाही, याची चौकशी करणारे फार थोडे.

वस्तादांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. हे वस्तादांनी स्वतः मला कधी सांगितलं नाही. आखाड्याचे सेक्रेटरी दिघे दर समारंभात सांगत, आणि दर खेपेला पणजोबांचा हुद्दा एकेक पायरी चढे. शेवटी शेवटी ते सेनापतीच्या आसपास पोचले होते. वस्ताद स्वतः एका काचेच्या कारखान्यात पॅकिंगला होते. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा मुदतीआधीच घरी बसले. काचसामान हाताळून त्यांना अलगद ठेवण्याचं वेड लागलं असावं, असा सिद्धान्त मी एकदा त्यांच्यापुढे मांडला.

"कारखान्यात मी खोक्यांवर शिक्के मारत होतो," ते म्हणाले.

बुटके, रुंद खांद्यांचे, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर काळी टोपी. टोपी कायम. कुस्तीच्या मातीतही ती डोक्यावर असे आणि पडत नसे. आखाड्यात पंखा लावायला त्यांचा विरोध होता. बडोद्याच्या मे महिन्यात हा विरोध माणुसकीला सोडून होता, पण त्यांचं म्हणणं एवढंच की पंख्याखाली काठीचा वारा कळत नाही. काठी कानाजवळून गेली की वारा लागतो, आणि त्या वाऱ्यावरून ती किती जवळून, किती जोरात गेली ते अंगाला समजलं पाहिजे. "काठी लागली नाही पाहिजे," ते म्हणत, "वारा लागला पाहिजे." त्यांच्या सगळ्या विद्येचा सारांश मला विचाराल तर एवढाच.

शिकवण्याच्या त्यांच्या काही रीती होत्या. काठीचा एखादा हात ते एकदाच करून दाखवत. दुसऱ्यांदा दाखवला की पोरगा काठी सोडून वस्तादाची नक्कल करायला लागतो, असं त्यांचं मत. शिकणाऱ्याच्या हाताकडे ते बघत नसत, मानेकडे बघत. भीती आधी मानेत येते, हातात नंतर. रागावून आलेल्या मुलाला काठी देत नसत, माठातलं पाणी देत आणि बसवून ठेवत. आणि शाबासकी त्यांना येत नसे. अगदी मनासारखं झालं तर "चालेल" म्हणत. तो "चालेल" मिळवण्यासाठी पोरं झुरत असत. मी वर्गात 'उत्तम', 'फारच छान' असे शेरे हातचं न राखता वाटत होतो आणि त्याने कुणी झुरल्याचं आठवत नाही.

आणखी एक रीत होती. आखाड्यात कुणाला लागलं तर त्याला घरी पोचवायला वस्ताद स्वतः जात. पोराच्या मागून चालत जायचं, दारात आईसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, "माझ्यामुळे लागलं." एकदा एका गुजराती मुलाच्या भुवईला खोक पडली. मीही बरोबर गेलो होतो. त्याची आई दारच्या ओटल्यावर वालपापडी निवडत बसली होती.

"बेन, भूल मारी छे," वस्तादांनी चूक स्वतःकडे घेतली.

"तमे मार्युं?"

"ना. पण भूल मारी."

बाईने त्यांना मनसोक्त झापलं. वस्ताद टोपीखाली स्वस्थ उभे. बोलून दमल्यावर तिने आम्हाला चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या मुलाला स्वतः आखाड्यात आणून सोडलं.

परतताना मी विचारलं, "ज्याने मारलं त्याची चूक नाही का?"

"ज्याला थांबवता येत नाही त्याच्या हातात काठी कुणी दिली? मीच ना?"

त्याच सुमारास फतेगंजात एका दुकानाच्या माळ्यावर कराटेचा क्लास निघाला. बोर्डावर ड्रॅगन, खाली मोबदल्यात काय काय मिळेल त्याची यादी: ड्रेस, पट्टा, सर्टिफिकेट. पट्ट्याचा रंग परीक्षेगणिक बदले आणि परीक्षा सणांपेक्षा जास्त असत. आमच्याकडची मुलं तिकडे जायला लागली. जी राहिली त्यांतल्या एकाचे वडील एके दिवशी स्कूटरवरून न उतरताच पट्टा कधी मिळणार म्हणून विचारू लागले, "काका, आपणा बाबाने बेल्ट क्यारे मळशे?"

वस्तादांनी त्या बाबाकडे, म्हणजे मागे बसलेल्या मुलाकडे, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "केम? चड्डी ढीली छे?"

बाबा हसला. वडील हसले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून बाबा फतेगंजला.

या दोन विद्यांची गाठ एकदा जाहीरपणे पडली. दिघ्यांनी एका मंत्र्यांना बोलावलं होतं. स्टेजवर सोफे, टेबलावर पाण्याचा ग्लास, निवेदकाच्या तोंडी पणजोबा. वस्तादांना सांगितलं होतं, काहीतरी थरारक करा. वस्ताद काठी घेऊन चढले, दोन फेर घेतले, आणि काठी डोक्यावरून पूर्ण ताकदीने मंत्र्यांच्या पुढ्यातल्या ग्लासावर आणली. मंत्री सोफ्यात मागे कोसळले. काठी ग्लासाच्या कडेच्या केसभर वर थांबली होती. मी पुढच्या रांगेत होतो. पाण्यावर एक बारीक शहारा उमटला आणि विरला. इतकं नेमकं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "चुकलं वाटतं?"

दिघे लगबगीने माइकशी आले. "वस्तादांचं आता वय झालेलं आहे, तरीही त्यांनी प्रयत्न केला, त्याबद्दल त्यांचे आभार."

मग फतेगंजचे कराटेसर आले. त्यांनी किंकाळी फोडून मंगलोरी कौलांची चळत फोडली आणि टाळ्यांनी छत हललं.

घरी जाताना आम्ही सेव-उसळच्या गाडीपाशी थांबलो. वस्तादांनी उसळीवर लिंबू पिळलं. मग पाव मोडत म्हणाले, "त्या कौलांनी काय केलं होतं हो, सर?"

आता विलासबद्दल सांगायला हवं, कारण वस्तादांचं म्हणून जे काही होतं ते त्याच्यात होतं. विलास त्यांचा एकुलता एक मुलगा. उंच, अबोल, आईच्या वळणावर गेलेला. तो काठी कधी ठेवतो ते पाठमोऱ्या वस्तादांनाही कळत नसे. मकरपुऱ्याला एका कंपनीत सुपरवायझर होता, आणि संध्याकाळी आखाड्यात लहान मुलांकडे बघायचा. पण शिकवण्याचा अधिकार त्याला अजून नव्हता.

तो अधिकार मिळवण्याची या आखाड्यात एक पद्धत होती. तिला 'उभं राहणं' म्हणत. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की वस्ताद टोपी काढून पाटावर ठेवायचा, मध्यावर उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. शिष्याने पूर्ण जोराने काठी त्याच्या डोक्यावर आणायची आणि थांबवायची. वस्तादाच्या केसांना वारा लागला पाहिजे. लागला की वस्ताद म्हणायचा "चालेल," आणि तेव्हापासून त्या माणसाने शिकवायचं. कागद नाही, पट्टा नाही. ज्याच्यासमोर वस्ताद डोळे मिटतो त्याच्या हाती दुसऱ्याचं मूल द्यायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कदम वस्तादांसाठी त्यांचे वस्ताद असे उभे राहिले होते. स्वतः ते अजून कुणासाठी उभे राहिले नव्हते.

त्या दसऱ्याला खंडेराव मार्केटमधून झेंडूची टोपली आली होती. काठ्या, दांडपट्टे, मुद्गल सगळ्यांना गंध-फुलं झाली. वस्तादांनी टोपी काढली. डोक्याचा वरचा भाग कपाळाहून गोरा होता. गल्लीतल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी डोळे मिटले.

विलासची काठी मागून निघाली. तिचा आवाज मला ऐकू आला. ती थांबली, आणि आखाडा तिच्याबरोबर थांबला. काठी आणि टाळू यांत वीतभर अंतर होतं. मला ते फारच जवळ वाटलं.

वस्ताद वाट बघत होते. मग त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं.

"लांब आहे," ते म्हणाले.

"अहो वस्ताद," दिघे पुढे झाले, "वीतभर म्हणजे काय फार?"

"वीतभर म्हणजे वीतभर." त्यांनी पाटावरची टोपी उचलून घातली. "वारा लागला नाही. पुढच्या दसऱ्याला बघू."

विलासने काठी ठेवली. आवाज झाला.

मी त्यांच्या मागोमागच गल्लीत शिरलो. पुढे विलास, मागे वस्ताद, एखाद्या लागलेल्या पोराला पोचवायला जावं तसे. दारात विलासची आई, आमच्या वहिनी, औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. विलास त्यांना ओलांडून आत गेला. वस्ताद उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, "माझ्यामुळे लागलं."

वहिनी आत बघून म्हणाल्या, "कुठे?"

वस्तादांना काही दाखवता आलं नाही.

विलासला मस्कतची नोकरी चालून आलेली होती, हे वहिनींनी मग माझ्या बायकोला सांगितलं. दसऱ्यापर्यंत थांबा, असं त्याने तिकडच्या कंपनीला कळवलं होतं. आखाडा मिळाला असता तर तो जाणार नव्हता. वस्तादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत विलास मस्कतला गेला.

मी त्यांच्याशी भांडलो. "मुलाने बाप आहे म्हणून थोडी आधी थांबवली. त्यात वाईट काय?"

"माझ्यासमोर बाप म्हणून थांबवेल. परक्याच्या पोरासमोर कोण म्हणून थांबवेल?"

तर्कशास्त्राच्या दृष्टीने उत्तर बिनतोड होतं. मला ते आवडलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही.

विलास सुटीवर येत असे. घरात फ्रिज आला, फोन आला, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. बापाशी बोलायचा, भाजी आणायचा, पाया पडायचा. फक्त आखाड्यावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचा. वस्तादांनी त्याला परत ये म्हटलं नाही. पुढचा दसरा आला आणि गेला, त्याच्या पुढचाही. दर दसऱ्याला पूजा झाल्यावर वस्ताद जरा जास्त वेळ तिथे रेंगाळत, टोपीला हात लावत आणि मग काठ्या पुसायला घेत.

वहिनी गेल्या. विलास आला, दिवस करून परत गेला. त्यानंतर एका सकाळी वस्ताद काठीला तेल लावता लावता म्हणाले, "सर, माझी मान हलली असेल का?"

"कधी?"

"पोरगं घाबरलं ते माझी मान बघून घाबरलं असेल. डोळे मिटले होते, मला कसं कळणार? तुम्ही समोर होतात."

मी समोर होतो, पण मी काठीकडे बघत होतो. तसं सांगितलं.

"सगळे काठीकडेच बघतात," ते म्हणाले.

मग काचबिंदूने त्यांची नजर नेली. समोरच्याला आवाजावरून ओळखत, आणि मला काठीच्या आवाजावरून. आखाड्यातही बदल झाले. दिघ्यांच्या कमिटीने मातीचा हौद बुजवून टाइल्स घातल्या, भिंतींना आरसे लावले, यंत्रं आणली. फाटकावर 'फिटनेस अँड मार्शल आर्ट्स' असा बोर्ड लागला आणि पुतळ्याचा चेहरा त्याच्या मागे गेला. संध्याकाळी तिथे धडधडणाऱ्या गाण्यांवर लोक जागच्या जागी पळत. काठ्यांना मागची खोली मिळाली. त्या खोलीत नवा पंखा होता, अगदी बिनआवाजी. वस्ताद रोज सकाळी तो बंद करायला लावत. शिष्य म्हणून आता मीच उरलो होतो.

शेवटी कमिटीने ठरवलं की दसऱ्यानंतर मागची खोलीही प्रोटीनच्या डब्यांसाठी लागेल. शेवटची शस्त्रपूजा करून काठ्या दालनात शोभेला लावू, असं दिघे म्हणाले. मी विलासला फोनवर तेवढंच कळवलं. तो आला.

पूजेला मोजकीच माणसं होती. दिघे बोलले. पणजोबा झाले. फोटो झाले. लोक नाश्त्याकडे पांगले. खोलीत वस्ताद, विलास आणि दाराशी मी. विलासचं पोट सुटलं होतं, कानावरचे केस पांढरे झाले होते. तो बापाला धरून बाहेर न्यायला पुढे झाला, तेव्हा वस्तादांनी त्याचा हात बाजूला केला, टोपी काढली आणि चाचपडत पाटावर ठेवली.

"बाबा, आता हात राहिला नाही."

"डोळे मिटू ना? तसेही मिटलेलेच आहेत म्हणा."

ते मध्यावर उभे राहिले. मान ताठ, खुंटीसारखी. या खेपेला मी मानेकडेच बघत होतो. ती हलली नाही. विलासने काठी घेतली. ती निघाली, आली, थांबली. मग मी वर पाहिलं. वीतभर नव्हे, हातभर लांब होती.

वस्ताद वाट बघत राहिले. त्यांच्या डोक्यावरचे राहिलेले पांढरे केस किंचित हलले.

"चालेल," ते म्हणाले.

विलास खाली बसला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पुष्कळ वेळ तसाच राहिला. मी छताकडे पाहिलं. पाहुण्यांसाठी लावलेला पंखा चालू होता.

विलास संध्याकाळच्या गाडीने मुंबईला आणि तिथून मस्कतला गेला. त्याच आठवड्यात मी मुलीकडे पुण्याला गेलो, आणि मी तिकडे असतानाच वस्ताद गेले. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं चित्र आहे ते दसऱ्यानंतरच्या सकाळचं.

नेहमीप्रमाणे मी मागच्या खोलीशी गेलो आणि दारातच थांबलो. वस्ताद मध्यावर उभे होते, बोडक्या डोक्याने. पंखा चालू होता. थोड्या वेळाने ते भिंत चाचपत बटणांपाशी गेले, पंखा बंद केला, पुन्हा येऊन त्याच जागी उभे राहिले. मग परत गेले, चालू केला, परत आले. डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग टोपी घातली.

मी खाकरलो.

"सर? विलासला फोन लावून द्या."

मी माझ्या मोबाइलवरून लावून दिला. ते जरा मोठ्याने बोलत.

"मुंबईला पोचलास? जेवलास का? ... ऐक. काल बरोबर होतं. ... हो, वारा लागला. लागल्याशिवाय म्हणेन का मी? ... मस्कतला आपली मुलं असतील ना? मग शिकव कुणाला तरी. आधी ठेवायला शिकव."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. भिंतीशी जाऊन पाठमोरे बसले आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

"पंखा बंद करा, सर. उगाच वारा लागतो."

मी बंद केला. पाती थांबायला वेळ लागला. मग मी भिंतीची एक काठी उचलली, मध्यावर नेली आणि जमेल तितकी हलकेच ठेवली. आवाज झाला. मी वाट बघितली. वस्ताद काठीवरून तेलाचा बोळा फिरवत होते. ते "परत" म्हणाले नाहीत.